दोरीची रवी आणि दाबाची रवी

समुद्रमंथनाची कथा लहानथोरांना ठाऊक आहे. मंदर पर्वताची रवी झाली, वासुकी नागाची दोरी झाली, दोरीच्या एका टोकाला देव लागले आणि दुसऱ्या टोकाला दानव. कथा अद्भुत असली तरी तींतील यंत्र अगदीं घरगुती आहे. फरक एवढाच कीं, समुद्र घुसळावयास दोन पक्ष लागले. घरांतील डेरा घुसळणारी गृहिणी मात्र दोरीचीं दोन्ही टोकें आपल्याच हातांत धरून देव आणि दानव या दोहोंचेंहि काम पिढ्यान्‌पिढ्या एकटीच करीत आली.

आज शहरांतील स्वयंपाकघरांत डेरा राहिला नाहीं आणि घुसळखांबहि राहिला नाहीं. विजेचें यंत्र पुष्कळ घरीं आहे. तरीहि भांड्यांच्या दुकानांत एक लहानसें हत्यार टांगलेलें दिसतें. वर मूठ, मध्यें स्प्रिंग असलेली नळी, खालीं तारेचें वेटोळें. मूठ खालीं दाबली कीं वेटोळें गरगर फिरतें. दाब सोडला कीं मूठ आपोआप वर येते. दुकानदार त्याला ‘हँड ब्लेंडर’ म्हणतात. काम पाहतां ‘दाबाची रवी’ हेंच नांव त्याला शोभेल. ही वस्तु नुसतें खेळणें आहे कीं खरोखर कामाची आहे, याचा विचार करण्यासारखा आहे.

प्रथम दोन्ही रव्यांचें गणित पाहावें. दोरीच्या रवीचा दांडा अडीच सेंटिमीटर जाडीचा धरला, तर त्याचा घेर आठ सेंटिमीटरांस किंचित्‌ कमी भरतो. दोरी चाळीस सेंटिमीटर ओढली कीं दांड्याचे पांच फेरे होतात; दुसरें टोक ओढलें कीं तितकेच उलट फेरे. सुताराचा सामता याच तत्त्वावर फिरतो. दाबाच्या रवींत दोरीचें काम मळसूत्रासारखी पिळदार खांच करते. या खांचेचा एक वेढा तीन सेंटिमीटर उंचीचा असेल आणि मूठ सहा सेंटिमीटर दाबली, तर दोनच फेरे मिळतात. मग खांच अधिक दाट कां करूं नये? कारण वेढे जितके दाट, तितका फिरविण्यास जोर अधिक; आणि अति दाट झाले तर दांडा फिरतच नाहीं. साधा स्क्रू वरून कितीहि दाबला तरी फिरत नाहीं, तें याचमुळें.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. दाबाची रवी श्रम वांचवीत नाहीं. मूठ वर आणणारी स्प्रिंग तरी शक्ति कोठून आणते? हातानें दाबतांना दिलेल्या शक्तीचाच कांहीं भाग ती सांठविते आणि परत करते. फुकट कांहींच मिळत नाहीं. परंतु श्रमाची जात मात्र बदलते, आणि हीच या हत्याराची खरी किंमत आहे. दोरीला दोन्ही हात, दोन्ही खांदे आणि वर्षानुवर्षांचा सराव लागतो. तळहातांमध्यें फिरवावयाच्या लहान रवीला मनगटें शाबूत लागतात. दाबाच्या रवीला एक हात पुरतो, दुसरा भांडें धरतो. ओढण्याऐवजीं दाबावयाचें असल्यानें शरीराचा भार कामीं येतो. आणि शिकण्यास दोन मिनिटें पुरतात.

आतां कोणतें काम तिला सांगावें? घुसळणें हा एक शब्द असला तरी त्यांत तीन वेगवेगळीं कामें आहेत. दहीं मोडून ताक करणें हें एक. द्रवांत हवा कोंडणें हें दुसरें. स्निग्धांश वेगळा काढून लोणी जमविणें हें तिसरें. पाश्चात्त्य घरांत दुसऱ्या कामाची गरज मोठी, कारण अंडें फेंसल्यावांचून त्यांचा केक फुगत नाहीं. म्हणूनच अमेरिकेंत १८५६ सालीं बाल्टिमोरच्या राल्फ कॉलिअर यानें आणि १८७० सालीं प्रॉव्हिडन्सच्या टर्नर विल्यम्स यानें दांतेरी चाकावर फिरणाऱ्या अंडें-फेंसणीचें पेटंट घेतलें. आपल्याकडे महत्त्व पहिल्या आणि तिसऱ्या कामाला.

पहिल्या दोन कामांत दाबाची रवी चोख आहे. दोन पेले ताक, लस्सी, कढीसाठीं ताकांत कालविलेलें बेसन, ऑम्लेटचीं अंडीं, हीं कामें ती मिनिट-दोन मिनिटांत करते आणि बेसनाची गुठळी सहसा राहूं देत नाहीं. घट्ट पदार्थ मात्र तिला देऊं नये. श्रीखंडाचा चक्का किंवा इडलीचें पीठ यांत वेटोळें रुततें आणि सगळा जोर खांचेवर येऊन ती झिजते.

तिसऱ्या कामांत तिची मर्यादा ओळखावी. दुधांतील स्निग्धांश अतिसूक्ष्म गोलकांच्या रूपानें असतो आणि प्रत्येक गोलकाभोंवतीं पातळ आवरण असतें. घुसळण्यानें तीं आवरणें फाटतात, गोलक एकमेकांस चिकटतात आणि लोण्याचे कण दिसूं लागतात. फार थंडींत हे गोलक कडक राहून जुळत नाहींत. फार उष्णतेंत लोणी पातळ होऊन ताकांत पसरतें. उन्हाळ्यांत गार पाणी आणि हिवाळ्यांत कोमट पाणी घालण्याची आजीबाईंची रीत शास्त्राला धरून आहे. वाटी-दोन वाट्या विरजलेल्या सायीचें लोणी दाबाची रवी काढील. पण कण दिसतांच दाब संथ करावा, नाहींतर ते तारांत अडकून बसतात. आठवड्याची सांठविलेली साय असेल तर रुंद तोंडाची लांकडी रवीच उत्तम.

लोणी कमी आलें म्हणून रवीला दोष देण्यापूर्वीं दुधाची पिशवी वाचावी. फुल क्रीम दुधांत निदान सहा टक्के स्निग्धांश असावा लागतो, टोन्ड दुधांत तीन टक्के आणि डबल टोन्ड दुधांत दीड टक्का. म्हणजे एक किलो दुधांत अनुक्रमें सुमारें ६०, ३० आणि १५ ग्रॅम. शिवाय पिशवीवर ‘होमोजिनाइज्ड’ असें छापलें असेल तर गोलक आधींच फोडून बारीक केलेले असतात आणि वर साय नीट धरत नाहीं. तेथें कोणतीहि रवी हतबल आहे.

वापरण्याच्या चार गोष्टी. भांडें अरुंद, उंच आणि धातूचें असावें व निम्मेंच भरावें. पातळ कांचेच्या पेल्यांत दाब देणें धोक्याचें. भांड्याखालीं ओला फडका घडी करून ठेवावा, म्हणजे तें सरकत नाहीं. उंच ओट्यावर हात वर करून दाबूं नये. भांडें कोपराच्या बरेंच खालीं ठेवावें, किंवा जमिनीवर बसून काम करावें. काम संपतांच कोमट पाण्यांत साबणाचा थेंब घालून रवी त्यांतच दहा-बारा वेळां दाबावी, नंतर स्वच्छ पाण्यांत तसेंच करावें आणि तोंड खालीं करून टांगावी. खांचेंतून नळींत शिरलेला स्निग्धांश राहिला तर खवट होतो व पुढचें ताक नासवितो. रवी कुरकुरूं लागली म्हणून शिवणयंत्राचें तेल घालूं नये. तें थेंबाथेंबानें अन्नांत उतरतें.

शेवटीं पुन्हां दोरीच्या दोन टोकांकडे यावें. घुसळणें कठीण होतें आणि शिकावें लागे, म्हणून तें घरांतील एकीच्याच वांट्याला आलें, असें आजवर म्हणतां येत होतें. दाबाच्या रवीनें ही सबब काढून घेतली आहे. दहा वर्षांचा मुलगा ती चालवूं शकतो, कचेरींतून आलेला गृहस्थ चालवूं शकतो, आणि ज्या आजीबाईंच्या मनगटांना लांकडी रवी झेपत नाहीं त्यांनाहि, मूठ धरवत असेल तर, आपल्यापुरतें ताक करतां येतें. दोन पेले ताकासाठीं घरांतल्या बाईला उठविण्याचें आतां कांहीं कारण नाहीं. ज्याला तहान लागली असेल त्यानें दहीं, मीठ आणि पाणी भांड्यांत घालावें आणि मूठ स्वतःच दाबावी. आणि पेला रिकामा झाल्यावर रवी धुऊन टांगण्याचें कामहि त्याचेंच समजावें.