धुराने भाजलेला श्वासमार्ग

कोणी भाजले की आपण प्रथम त्याची कातडी पाहतो. किती भाजले, फोड कुठे आले, याचीच चौकशी होते. ते योग्यच आहे. पण आगीतून सुटलेल्या माणसाला आणखी एक जखम झालेली असू शकते, आणि ती वरून दिसत नाही. ती असते श्वासमार्गाची.

अमेरिकेतील बॉस्टन शहरात २८ नोव्हेंबर १९४२ रोजी कोकोनट ग्रोव्ह या नाइट क्लबाला आग लागली. त्यात ४९२ माणसे दगावली. अंगावर फारसे भाजलेले नाही, अशी माणसेही त्यांत होती. आपल्या मुंबईत २९ डिसेंबर २०१७ रोजी कमला मिलच्या आवारातील आगीत १४ जण गेले. त्यांतले बहुतेक गुदमरून.

धूर तीन तऱ्हांनी घात करतो. एक, उष्णतेने. कोरडी गरम हवा घशातच बरीचशी निवते, म्हणून भाजतो तो मुख्यतः घसा आणि स्वरयंत्र. वाफ मात्र त्याहून खाली उतरू शकते. दुसरी तऱ्हा काजळीची आणि दाहक वायूंची. त्यांनी फुप्फुसातील नळ्या सुजतात. तिसरी विषाची. कार्बन मोनॉक्साइड हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने चिकटतो. लोकर, रेशीम, गादीतला फोम जळला तर सायनाइडही निर्माण होते.

मग हे ओळखायचे कसे? माणूस बंद खोलीत धुरात अडकला होता का, हे आधी विचारावे. चेहरा भाजला आहे का, नाकातले केस होरपळले आहेत का, थुंकीत काजळी येते का, हे पाहावे. त्याला बोलायला लावावे. आवाज घोगरा झाला असेल, श्वास घेताना शीळ वाजल्यासारखा आवाज येत असेल, तर घसा सुजू लागला असे समजावे. माणूस गोंधळून बोलत असेल, तर विषारी वायूची शंका घ्यावी.

इथे दोन फसगती होतात. बोटाला लावायचे यंत्र कार्बन मोनॉक्साइडलाही प्राणवायूच समजते आणि आकडा चांगला दाखवते. खरे प्रमाण रक्ताच्या खास तपासणीतच कळते. आणि छातीचा एक्स-रे पहिल्या दिवशी अगदी स्वच्छ असू शकतो. म्हणून डॉक्टर दुर्बिणीची लवचिक नळी घालून श्वासनलिका आतून पाहतात.

उपचारात पहिला मान प्राणवायूचा. साध्या हवेत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड निम्मा व्हायला चारपाच तास लागतात. शुद्ध प्राणवायूवर हे काम तासा-दीडतासात होते. घशाची सूज पहिल्या दिवसभरात वाढतच जाते. वाट पाहिली तर नळी घालायला वाटच उरत नाही, म्हणून लक्षणे दिसताच डॉक्टर श्वासनलिकेत नळी घालतात. नातेवाईक म्हणतात, "अहो, बोलतोय की चांगला, नळी कशाला?" तो बोलतो आहे तोवरच ती सोपेपणी घालता येते! सायनाइडची शंका असल्यास हायड्रॉक्सोकोबालामिन देतात. संसर्ग नसताना प्रतिजैविके उगीच देत नाहीत.

आपण काय करावे? धुरात वाकून, जमिनीलगत बाहेर पडावे. ओला रुमाल विषारी वायू अडवीत नाही, त्यावर विसंबू नये. बाहेर काढलेला माणूस शुद्धीवर असेल तर त्याला मोकळ्या हवेत टेकून बसवावे, १०८ क्रमांकावर गाडी मागवावी. "मला काही झाले नाही," असे तो म्हणाला, तरी त्याला घरी नेऊ नये, इस्पितळातच न्यावे.