तयारी आहे का?





२०२० साली कोरोना आला तेव्हा परभणीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नव्हतं. आपली मुलं नांदेड, अंबाजोगाई, औरंगाबादला शिकत होती. मार्चमध्ये वर्ग बंद झाले आणि बरीच मुलं गावी परतली. २०२३ साली परभणीचं महाविद्यालय १०० जागांनिशी सुरू झालं. म्हणजे पुढची साथ येईल तेव्हा विद्यार्थी आपल्याच आवारात असतील आणि त्यांना हाक आपल्यालाच द्यावी लागेल. त्या हाकेविषयी आज मला बोलायचं आहे.

आपल्या भाषेत ‘तयारी’ या एका शब्दात दोन गोष्टी नांदतात. ‘तुझी तयारी आहे का?’ या प्रश्नात मनाची इच्छाही येते आणि हाताची सज्जताही. साथीत विद्यार्थ्यांना हा प्रश्न विचारताना आपण पहिला अर्थ तेवढा धरतो.

२०२१च्या एप्रिलमध्ये मी काम करत होतो त्या कोविड केंद्रावर नर्सिंगची एक विद्यार्थिनी आली. ‘सर, पडेल ते काम सांगा,’ म्हणाली. घरी दोन खोल्या, त्यात म्हातारी आजी. आई रोज फोनवर म्हणायची, ‘माय, हात जोडते, घरी ये.’ पोरगी राहिली. मी तिला पीपीई किट दिला आणि वॉर्डात पाठवलं. किट काढायचा कसा, हे दाखवायला मला त्या दिवशी सवड झाली नाही. बाहेरच्या बाजूला लागलेला विषाणू हाताला, तोंडाला लागण्याची भीती किट काढतानाच जास्त असते, हे मला ठाऊक होतं. चौथ्या-पाचव्या दिवशी ती तापली. सुदैवानं बरी झाली, आजीही वाचली. तिच्या इच्छेत तसूभर उणं नव्हतं. उणा पडलो तो मी.

इच्छेला आधीच्या सज्जतेची जोड लागते, हे जुन्या साथींतही दिसतं. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी गेल्या. मुंढव्याच्या आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेतलं, हे आपण दरवर्षी सांगतो. त्या मुलाला न्यायला दवाखाना होता, हेही सांगायला हवं. त्यांचे दत्तकपुत्र डॉ. यशवंतरावांनी तो पुणे शहराबाहेर माळावर आधी उभा केला होता.

विद्यार्थ्यांची अशी तयारी करून घेतल्याचं उदाहरणही आहे. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. सुरुवातीच्या आठवड्यांत श्वसनयंत्राचे उपचार घेतलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. तेव्हा भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी घशाला छेद देऊन नळी बसवायची आणि रबरी पिशवी हातानं दाबून श्वास द्यायचा, अशी पद्धत सुचवली. पिशवी दाबायला सुमारे १,५०० विद्यार्थी आळीपाळीनं रात्रंदिवस बसले. त्यांना एकच काम दिलं होतं, ते आधी शिकवलं होतं, आणि अडल्यावर बोलावायला जाणकार जवळ होता. पुढे मृत्यूचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं.

आपल्या जिल्हा रुग्णालयातली २०२१च्या एप्रिलअखेरची ती रात्र तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. झाड ऑक्सिजनच्या नळीवर कोसळलं. कर्मचाऱ्यांनी धावपळ करून रुग्णांना सिलिंडर लावले आणि १४ जीव वाचले. कोणता सिलिंडर कुठे आहे आणि तो कसा जोडायचा, हे माहीत असलेली माणसं तिथे होती, म्हणून ते जमलं.

पुढच्याच आठवड्यात, ३ मे २०२१ रोजी, केंद्र सरकारनं इंटर्न डॉक्टरांना प्राध्यापकांच्या देखरेखीखाली कोविडच्या कामावर घ्यायचं ठरवलं. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना फोनवरून सल्ला देण्याचं, सौम्य रुग्णांवर लक्ष ठेवण्याचं काम द्यायचं ठरलं. लस, विमा आणि १०० दिवस काम केल्यास सरकारी भरतीत प्राधान्य, हेही त्यात होतं. निर्णय चांगला होता. पण तोवर दुसरी लाट गळ्यापर्यंत आली होती. नांगरट उन्हाळ्यात व्हावी लागते, पाऊस सुरू झाल्यावर नव्हे, हे परभणीच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही.

म्हणून डॉक्टर-प्राध्यापकांकडे माझं मागणं साधं आहे. दरवर्षी, साथ नसताना, स्वेच्छेनं येणाऱ्या विद्यार्थ्यांची यादी करा. कोणत्या वर्षाच्या मुलानं काय करायचं आणि कशाला हात लावायचा नाही, ते लिहून ठेवा. किट घालण्या-काढण्याचा सराव वर्षातून दोनदा घ्या. घरच्यांना धोका नको म्हणून राहण्या-जेवण्याची सोय, विमा आणि आजारपणात बुडालेल्या परीक्षेची भरपाई आधी ठरवा. आईवडिलांना बोलावून समोर बसवा. कर्ज काढून शिकवणाऱ्या बापाला हे सगळं विचारायचा हक्क आहे.

आणि जो ‘नाही’ म्हणेल, त्याच्याकडे वाकड्या नजरेनं पाहू नका. कुणाला दमा असेल, कुणाच्या घरी कर्करोगाचा रुग्ण असेल. ‘नाही’ म्हणायची मोकळीक असेल तेव्हाच ‘हो’ला किंमत येते.

विद्यार्थ्यांनो, तुमच्या इच्छेवर माझा पूर्ण विश्वास आहे. ती मी डोळ्यांनी पाहिली आहे. उद्या कुणी तुम्हाला विचारलं, ‘तयारी आहे का?’ तर तुम्हीही नम्रपणे विचारा, ‘सर, मॅडम, तुमची आहे का?’ आम्हा वडीलधाऱ्यांपैकी प्रत्येकाला त्यावर म्हणता यावं, ‘ये बाळा. किट काढायचा कसा ते आधी दाखवतो, मग आपण दोघं मिळून आत जाऊ.’