फरीगदगा आणि कामाचे तास



कामगार संघटनेचा माणूस बोलायला उभा राहिला की आता बोनसाचे पुराण निघणार, अशी मनाची तयारी श्रोते करून ठेवतात. मी आज काठीची गोष्ट सांगणार आहे. अध्यक्षांनी घाबरू नये. ती मारामारीची नाही.

जपानात केंदो नावाचा खेळ आहे. बांबूच्या चार कामट्या चामड्याने बांधून तलवार करतात आणि अंगावर चिलखत चढवून दोघे समोरासमोर उभे राहतात. डोके, मनगट, बरगड्या आणि गळा एवढ्याच जागी वार. पण नुसता वार लागून भागत नाही. शरीर सावरून, मोठ्याने पुकारून तो करावा लागतो, आणि वार झाल्यावरही समोरच्यावरची नजर ढळू द्यायची नसते. जिंकल्याच्या आनंदात नाचू लागाल तर मिळालेला गुणही पंच काढून घेतात! याच खेळाला युद्धकाळात लष्करी वळण दिले गेले. १९४५ च्या पराभवानंतर त्यावर बंदी आली, आणि १९५२ साली अखिल जपान महासंघ निघून तो पुन्हा उभा राहिला.

आपल्याकडे याचा सख्खा भाऊ म्हणजे फरीगदगा. एका हातात चामड्याने मढवलेली काठी, तो गदगा. दुसऱ्या हातात चामड्याची लहान ढाल, ती फरी. तलवारीचा हात यावर बसवीत. विदर्भात अशा देशी खेळांचे माहेरघर म्हणजे अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. वैद्य बंधूंनी ते १९१४ साली काढले, आणि १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने आपले खेळ तिथे करून दाखवले.

आपल्या यवतमाळात दुर्गादेवीच्या मिरवणुकीत काठी गरगर फिरते, टाळ्या पडतात. मला त्यात काही वावगे दिसत नाही. पण त्या काठीसमोर कोणी नसते. जोडीत उभे राहणे ही वेगळीच विद्या आहे. आमच्या वस्तीच्या आखाड्यात जिनिंगमधला पोरगा येतो, केसांत रुईचे तंतू तसेच असतात. पहिले आठ दिवस तो रागाने काठी चालवतो. वस्ताद काही बोलत नाहीत, फक्त त्याची उघडी पडलेली बरगडी गदग्याने हलकेच दाखवतात. महिनाभराने तोच पोरगा समोरच्याला लागले तर आधी विचारतो, “जोरात बसली का रे?” मोर्चाच्या अग्रभागी स्वयंसेवक म्हणून आम्ही असलीच पोरे निवडतो. कोणी ढकलले तरी त्यांचा हात उठत नाही. ज्याने मार खाल्लेला असतो, त्याला कुठे थांबायचे ते कळते.

पण आखाड्यात यायला संध्याकाळ हाताशी लागते. कारखाना कायदा १९४८ चा. त्यात दिवसाचे ९ तास आणि आठवड्याचे ४८ ही मर्यादा होती. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा १२ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ कायम, जादा कामाला कामगाराची संमती हवी, असे आपल्याला सांगितले गेले. हंगामी कामगाराची संमती कशी मिळते, ते ऐन कापसाच्या हंगामात जिनच्या फाटकावर उभे राहून पाहावे. बारा तास रेच्यापुढे उभा राहिलेला माणूस रात्री फरी उचलील, असे म्हणणाऱ्याने ती स्वतः उचलून पाहावी. आणि भगिनींचे काय? त्यांची दुसरी पाळी घरच्या चुलीपाशी सुरू होते. आमच्या आखाड्यात आजवर मुली येतात त्या शाळकरीच; कामाला लागली की मुलगी येईनाशी होते.

म्हणून हंगामात आम्ही रात्री नऊची दुसरी तुकडी चालवतो. दिव्याचे बिल संघटना भरते. रविवारी दुपारी कामकरी बायकांसाठी वर्ग काढायचा आहे. त्याला आडोशाची जागा आणि दहा जोड फरीगदगे लागतील. सभेत शाळांचे चालक बसले आहेत, चामड्याचे काम करणारे कारागीरही आहेत. व्याख्यान संपल्यावर मी दाराशीच थांबतो.