शिकवून सोडून देऊ नका

स्नातकहो,

वयाच्या अधिकाराने मी लगेच माझ्या व्यवसायाविषयीच्या एका जुन्या तक्रारीकडे वळतो.

मी मनोरुग्णालयात रुजू झालो तेव्हा १९१२ चा वेडेपणाविषयीचा ‘लूनसी’ कायदा अंमलात होता. रुग्ण बहुधा दंडाधिकाऱ्याच्या हुकमाने दाखल होई, नातलगांना फाटकाशीच थोपविले जाई, आणि मनोव्यथेच्या निवारणाचा मक्ता केवळ सनदधारकांचा, ही समजूत आम्हा तरुण डॉक्टरांच्या अंगी पुरती मुरलेली असे. अशा दिवसांत वडीलधाऱ्या सहकाऱ्यांच्या तोंडून अमृतसरच्या डॉ. विद्यासागर यांची हकीकत ऐकली. पन्नासच्या दशकात त्यांनी तेथील मनोरुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकले, कुटुंबीयांना रुग्णांसमवेत राहू दिले, आणि ती माणसे आप्ताला घेऊन परतली ती त्याची शुश्रूषा शिकूनच. या हकिकतीने भारावून मी, खेड्यांतील स्त्रियांना असेच शिक्षण द्यावे, अशी योजना वरिष्ठांकडे पाठविली. ती दीर्घकाळ दफ्तरात पडून राहिली व ‘अर्हता नसलेल्यांकडून उपचार करविणे नियमबाह्य’ असा शेरा घेऊन परत आली. त्या शेऱ्याचा सल आजही गेलेला नाही. कारण त्याच काळी आमच्या बाह्यरुग्ण विभागाच्या ओसरीवर एका जुन्या रुग्णाची आई नव्याने आलेल्या बायांजवळ जाऊन बसे, ‘पोरी, काल जेवलीस का? रात्री डोळा लागला का?’ एवढेच विचारी, आणि पुढे मुकाट्याने ऐकत राही. आमच्यासमोर अवाक्षर न काढणारी माणसे तिच्याजवळ मोकळी होत.

जे आम्हांला दिसत होते त्याला शास्त्राची साक्ष मिळाली ती गोव्यात. तेथील ‘संगथ’ संस्थेच्या ‘मानस’ प्रकल्पात आरोग्यक्षेत्राची पूर्वपीठिका नसलेल्या स्थानिक स्त्रियांना समुपदेशनाचे शिक्षण देऊन चोवीस दवाखान्यांतून चाचणी झाली. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांतील रुग्णांना त्याचा निश्चित लाभ झाला, खासगी दवाखान्यांत तसा फरक आढळला नाही, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. पुढे त्याच संस्थेच्या कामात समुपदेशक एकमेकांच्या ध्वनिमुद्रित बैठकी ऐकून त्यांचे गुणदोष तपासू लागले. मला या साऱ्यात सर्वाधिक मोलाची वाटते ती ही अखंड देखरेख.

आणि नेमकी तीच आज वगळली जात आहे! समुपदेशनाचे एका दिवसाचे शिबिर भरते, प्रमाणपत्रे वाटली जातात, छायाचित्र निघते, आणि आशाताई, म्हणजे गावची आरोग्य कार्यकर्ती, आपल्या गावी एकटी परतते. तिच्याजवळ कोणी रात्री येऊन ‘मला जगायचे नाही’ म्हणाले, तर तिने कोणाला फोन करावा? ऐकलेल्या दुःखाचा भार तिने कोठे उतरवावा? तिचा मेहनताना कोणी द्यावा? या प्रश्नांची उत्तरे तयार नसताना तिला कामावर धाडणे हा तिच्यावर आणि त्या दुःखितावर, दोघांवरही अन्याय आहे. शिकवून सोडून देऊ नका, हे मी पुनःपुन्हा बजावतो.

तुमच्यापैकी जो कोणी जिल्ह्याच्या ठिकाणी जाईल, त्याने आठवड्यातील एक ठरावीक दिवस या आशाताईंसोबतच्या देखरेखीच्या बैठकीसाठी राखून ठेवावा, आणि त्या दिवशी कितीही मोठ्या साहेबाचे बोलावणे आले तरी ती बैठक मोडू नये.