दुखण्याची गोळी आणि आपलं काउंटर

दुकानं दुसऱ्यावर सोपवून गावोगावहून इथं आलेल्या माझ्या फार्मासिस्ट बंधू-भगिनींनो,

नफ्याची टक्केवारी, ऑनलाइन विक्री हे विषय पुढच्या सत्रांत आहेतच. माझा वेळ मी एकाच गोष्टीला देणार आहे : गुडघे धरलेल्या, साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसांना आपण देतो ती दुखण्याची गोळी.

डायक्लोफेनॅक चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही, हे आपल्याला पाठ आहे. तरी बाजाराच्या दिवशी काय होतं? पंचाहत्तरीची आजी एकेक पाय टेकत पायरी चढते, पदराची गाठ सोडते आणि स्ट्रिपचा कापलेला तुकडा पुढे करते. ‘‘हीच दे बाबा, हिनंच उतार पडतो.’’ तुकड्यावर नाव अर्धवट, मुदतीची तारीख दुसऱ्याच तुकड्याबरोबर गेलेली. मागे गर्दी. कात्री चालते आणि चार गोळ्या पुडीत पडतात.

अशाच एका आजींना मी पिशवी काउंटरवर रिकामी करायला लावली. रक्तदाबाची टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारं औषध एकाच गोळीत. हृदयासाठी ॲस्पिरिन. तालुक्याच्या डॉक्टरांनी दिलेली ॲसिक्लोफेनॅक-पॅरासिटामॉल. जावयानं शहरातून आणलेली, वेगळ्या नावाची डायक्लोफेनॅक-पॅरासिटामॉल. आणि कागदात बांधलेलं, नाव-गाव नसलेलं ‘वाताचं चूर्ण’. देणाऱ्या प्रत्येकाला आजींचं भलंच करायचं होतं. पण ही सगळी औषधं एकत्र कुणीच पाहिली नव्हती, आणि माझ्या मते खरा धोका तिथं आहे.

ॲस्पिरिनच्या जातीची औषधं शरीरातली प्रोस्टाग्लँडिन्स तयार होऊ देत नाहीत, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. वेदना त्यामुळंच कमी होते. पण जठराचं अस्तर जपणं आणि मूत्रपिंडात रक्त आणणारी वाहिनी मोकळी ठेवणं हेही प्रोस्टाग्लँडिन्सचंच काम. टेल्मिसार्टन मूत्रपिंडातून बाहेर जाणारी वाहिनी सैल करते, लघवीचं औषध अंगातलं पाणी कमी करतं आणि दुखण्याची गोळी आत येणारी वाहिनी आवळते. त्यात दोन दिवस जुलाब झाले किंवा उन्हाळ्यात पाणी कमी प्यायलं गेलं, की म्हातारं मूत्रपिंड तग धरत नाही. जठराचं तर अनेकदा आधी कळतही नाही. पोटात न दुखताच रक्तस्राव सुरू होतो आणि पहिली खूण असते ती डांबरासारखी काळी शौच किंवा चक्कर. ॲस्पिरिन सोबत असेल तर धोका आणखी वाढतो. आणि त्या चूर्णाचं म्हणाल, तर अशा चूर्णांत स्टेरॉइड मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे. उतार पडतो खरा, पण साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात आणि अचानक बंद केलं तर जिवावर बेततं.

पोटाला सौम्य म्हणून १९९९ मध्ये रोफेकॉक्सिब बाजारात आलं. हृदयविकाराचे झटके वाढलेले दिसले आणि ३० सप्टेंबर २००४ रोजी कंपनीनं ते जगभरातून मागे घेतलं. आपल्याकडेही त्यावर बंदी आली. मग डायक्लोफेनॅक तरी निर्धोक असेल, असं पुष्कळांनी गृहीत धरलं. २०१३ मध्ये शेकडो चाचण्यांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा दिवसाला १५० मिलिग्रॅम डायक्लोफेनॅकचा हृदयाला असलेला धोका रोफेकॉक्सिबच्या वर्गातल्या औषधांच्या जवळपास निघाला : हजार माणसांनी वर्षभर घेतलं तर हृदय-रक्तवाहिन्यांचे सुमारे तीन गंभीर प्रसंग जास्त. आकडा लहान वाटेल. पण आपल्या जिल्ह्यात या गोळ्या किती हजार माणसं घेतात, ते मनात मांडून पाहा.

म्हणून म्हाताऱ्यांनी दुखणं सोसावं, असं मी मुळीच म्हणत नाही. चालणं सुटलं की मांडीचे स्नायू झडतात आणि माणूस उंबऱ्याआत अडकतो. गुडघ्याला आणि बोटांना आधी डायक्लोफेनॅकचं जेल लावून पाहावं. त्यातलं फार थोडं औषध रक्तात उतरतं. खुर्चीवर बसून पाय सरळ करण्याचा व्यायाम रोज करावा. गोळी लागलीच तर कमीत कमी मात्रेत, थोडेच दिवस, पोटाच्या संरक्षक औषधासह आणि क्रिएटिनिन तपासून, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर.

आपल्या हातात काय आहे, असं कुणी विचारील. त्याला उत्तर म्हणून गिधाडांचं उदाहरण देतो. डायक्लोफेनॅक दिलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडं मेली, म्हणून २००६ मध्ये ते जनावरांसाठी बंद झालं. तरी माणसांसाठीच्या इंजेक्शनच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोचत राहिल्या, आणि २०१५ मध्ये कुपी ३ मिलिलिटरची करावी लागली. त्या कुप्या औषधांच्या दुकानांतूनच जात होत्या. कुणाला, कशासाठी, एवढं काउंटरवर विचारलं गेलं असतं तर ही वेळ आली नसती.

म्हणून मी एक ठराव मांडतो. साठीपुढच्या गिऱ्हाइकाला दुखण्याची गोळी देण्याआधी सगळ्या औषधांची पिशवी पाहावी. रक्तदाबाचं, हृदयाचं किंवा मूत्रपिंडाचं औषध चालू असेल तर डॉक्टरांना फोन केल्याशिवाय गोळी देऊ नये. कापलेल्या स्ट्रिपसोबत नाव आणि मुदत लिहिलेली चिठ्ठी द्यावी. अपाय दिसला तर औषधसुरक्षा कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर कळवावं. दुपारच्या सत्रात यावर मोकळी चर्चा व्हावी. ज्यांना हे अव्यवहार्य वाटतं त्यांनी आधी बोलावं, अशी माझी विनंती आहे.