एडीव्हीला टायर कोणता? एमएच ४८ वाल्यांसाठी सरळ हिशोब

लोकलच्या गर्दीत इअरफोन लावणं जमत नाही, त्यांच्यासाठी आजच्या एपिसोडचा पूर्ण मजकूर. बोललो तसाच ठेवलाय, फक्त "अं", "म्हणजे" थोडे कमी केलेत.

आजचा विषय टायर.

इनबॉक्समध्ये सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच आहे: "दादा, टायर संपलेत. पुढच्या वर्षी लडाखला जायचंय. बटण टायर टाकू का?" विचारणारे बहुतेक आपल्याच पट्ट्यातले. विरार, नालासोपारा, वसई, नायगाव, काही बोईसर-पालघरचे. गाड्या म्हणाल तर हिमालयन ४५० पासून व्ही-स्ट्रॉम ६५०, टायगर ९००, आफ्रिका ट्विन, अगदी जीएसपर्यंत.

उत्तर आधीच सांगून टाकतो. लडाखसाठी टायर घेऊ नका, जुलैमधल्या अहमदाबाद हायवेसाठी घ्या. आता का, ते बघू.

आधी किलोमीटर मोजा

टायरच्या जाहिरातीत ९०/१०, ८०/२०, ५०/५० असे आकडे असतात. पहिला आकडा रस्त्याचा, दुसरा कच्च्याचा. पण एक लक्षात घ्या, हे कुठल्या सरकारी चाचणीतून आलेले आकडे नाहीत. कंपनी सांगते की टायर साधारण कशासाठी बनवलाय. एका कंपनीचा ७०/३० आणि दुसरीचा ७०/३० सारखाच असेल असं नाही.

म्हणून कंपनीचा आकडा नंतर, आधी तुमचा आकडा काढा. समजा वर्षाला १०,००० किमी गाडी चालते. त्यातले ७,००० हायवे आणि शहर. २,००० घाट, म्हणजे मनोर, विक्रमगड, जव्हार, मोखाडा, पुढे त्र्यंबकेश्वर. ८०० खराब रस्ते, म्हणजे चिंचोटी-कामण-भिवंडी रोडसारखे, जिथे डांबर शोधावं लागतं. उरले २०० किमी खरोखर माती. म्हणजे दोन टक्के. आणि या दोन टक्क्यांसाठी आपण ५०/५० टायर बघत असतो!

तुमचे आकडे वेगळे असतील. गुगल मॅप्सची टाइमलाइन चालू असेल तर ती उघडा, नाहीतर मागच्या वर्षीच्या राईड एका कागदावर लिहा. दहा मिनिटांचं काम आहे. पण प्रामाणिकपणे करा. "जायचं होतं" त्या राईड धरू नका, "गेलो" त्याच धरा.

आणि हो, मातीचे किलोमीटर वाढवायला कोणी तुंगारेश्वरच्या ओढ्यात गाडी घालू नका. ते अभयारण्य आहे, ट्रॅक नाही. राजोडी-कळंबच्या किनाऱ्यावरही तेच. तिथे पोरं खेळत असतात, शिवाय खारं पाणी तुमच्या स्पोकची आणि चेनची वाट लावतं ते वेगळंच.

बटण टायर ओल्या रस्त्यावर काय करतो

बटण टायर म्हणजे मोठ्या गोट्यांच्या नक्षीचा टायर. मातीत तो भारी का? कारण गोटी मातीत रुतते, मधल्या मोकळ्या जागेत चिखल शिरतो आणि चाक फिरताना बाहेर फेकला जातो. डांबर आणि काँक्रीट मात्र कडक. तिथे गोटी रुतत नाही. रस्त्याला टेकतो फक्त गोट्यांचा माथा, म्हणजे रबर कमी टेकलं. वर जोरात ब्रेक दाबला की उंच गोटी वाकते. गाडी थांबायला जास्त जागा घेते, आणि वळणावर थोडी डगमगल्यासारखी वाटते.

आता आपला पावसाळा आठवा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत चार महिने रस्ता ओला. २०२४ पासून घोडबंदर ते तलासरीकडच्या पट्ट्यात हायवेवर व्हाइट टॉपिंगचं काम निघालं, म्हणजे जुन्या डांबरावर काँक्रीटचा थर. काम चालू असताना एक लेन वर, एक लेन खाली, मध्ये कड. ती कड तिरकी घासत चढायला गेलात तर पुढचं चाक कडेबरोबर सरकतं. असल्या वेळी कुठलाही टायर तुम्हाला वाचवत नाही. वेग कमी करून, जमेल तेवढ्या सरळ कोनात चढायचं. पण पुढच्या टेम्पोने अचानक ब्रेक मारला, पांढऱ्या पट्ट्यावर पाणी आहे, तेव्हा जे दोन-तीन मीटर कमीजास्त होतात, ते टायरचे असतात.

वसई-भाईंदर रो-रोने जाणाऱ्यांनी जेट्टीचा ओला उतार बघितला असेल. तिथेही तेच. ओल्या काँक्रीटला गोटी नको, मऊ आणि भरपूर टेकणारं रबर हवं.

मग लडाख?

वसईहून मनालीमार्गे लेह एका बाजूने सव्वादोन हजार किलोमीटरहून जास्त आहे. त्यातला बहुतेक रस्ता पक्का. २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून रोहतांगचा चिखलही टाळता येतो. पुढे नाले आहेत, तुटलेले पट्टे आहेत, ते मान्य. पण मऊ बटण टायर घालून गुजरात-राजस्थानच्या तापलेल्या रस्त्यावर सामान लादून निघालात, तर मनालीला पोचेपर्यंत मागच्या चाकाच्या मधल्या गोट्या चांगल्याच झिजलेल्या असतात. ज्या ठिकाणासाठी टायर घेतला, तिथे पोचायच्या आधीच तो अर्धा संपला.

गाडी ट्रेनने चंदिगडला पाठवून तिथून सुरू करणार असाल, आणि स्पितीत कच्च्यावर बरेच दिवस फिरणार असाल, तर गणित बदलतं. तेव्हा ५०/५० विचारात घ्या.

टायरवर लिहिलेलं वाचायला शिका

आपण कोड वाचणारी माणसं. टायरच्या बाजूलाही कोडच असतो. व्ही-स्ट्रॉम ६५० चा मागचा टायर घ्या: १५०/७० आर १७, ६९ व्ही.

१५० म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये. ७० म्हणजे उंची रुंदीच्या ७० टक्के. आर म्हणजे रेडियल, १७ म्हणजे रिम इंचात. ६९ हा वजनाचा कोड, म्हणजे ३२५ किलो. व्ही म्हणजे ताशी २४० किमीपर्यंतचा वेग. क्यू असेल तर १६०, एस १८०, टी १९०, एच २१०. हे अक्षर म्हणजे तेवढ्या वेगाने जायची परवानगी नव्हे, टायरची मर्यादा आहे.

वजनाचा हिशोब करून बघू. गाडी २१६ किलो, तुम्ही ७५, मागे बसलेली व्यक्ती ६०, सामान ३०. झाले ३८१. त्यातलं साठ टक्के मागच्या चाकावर धरलं तर जवळजवळ २२९ किलो. ३२५ मध्ये आरामात बसतं. पण हे ३२५ टायरमध्ये पुरेशी हवा असेल तरच खरं. म्हणून नियम सोपा: कंपनीने दिलेल्या टायरपेक्षा वजनाचा कोड कमी नको.

आता रुंदीचा मोह. जुन्या हिमालयन ४११ ला मागे १२०/९०-१७ येतो. बरेच जण १३०/८०-१७ टाकतात. पहिल्याचा व्यास येतो ६४७.८ मिमी, दुसऱ्याचा ६३९.८. फरक ८ मिमी, म्हणजे सव्वा टक्क्याच्या आसपास. एवढा चालून जातो. पण याहून मोठी उडी मारलीत, तर एबीएस जे पुढच्या-मागच्या चाकांचा वेग ताडून बघतं, त्याचं गणित बिघडू शकतं. वर गाडी वळायला जड होते. "मागून भारी दिसते" एवढंच कारण असेल तर राहू द्या.

तारीख कुठे असते? डीओटी अक्षरांच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३वा आठवडा. आणि टीडब्ल्यूआय लिहिलंय तिथे खाचेत एक उंचवटा असतो. नक्षी घासून त्याच्या बरोबरीला आली की टायर संपला. आपल्या मोटार वाहन नियमांत दुचाकीला किमान ०.८ मिमी नक्षी लागते. पावसाळ्याआधी मात्र ०.८ ची वाट बघू नका. पाणी बाहेर काढायला खाच उरायला पाहिजे ना.

माल मिळत नाही, त्याचं कारण

दुकानात गेलात की ऐकायला मिळतं, "तो साइझ येत नाही साहेब." दुकानदार दरवेळी थापा मारत नसतो. जून २०२० मध्ये विदेश व्यापार महासंचालनालयाने नव्या टायरांची आयात "मुक्त" यादीतून काढून "निर्बंधित" यादीत टाकली. मोटारसायकलचे टायरही त्यात आले. म्हणजे आयात करायची तर परवाना. त्यामुळे १९ आणि २१ इंची परदेशी टायर कधी मिळतात, कधी महिनोन्महिने नाही.

याचा आपल्याला त्रास असा, की दुर्मिळ साइझ दुकानात पडून राहतो आणि तीन-चार वर्षांचा टायर नव्याच्या भावात गळ्यात मारला जाऊ शकतो. पैसे द्यायच्या आधी तारीख बघा, आयएसआयचा मार्क बघा. ऑनलाइन घेत असाल तर तारखेचा फोटो मागा. मोठ्या कंपन्या साधारण असं सांगतात, की पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर तपासून घ्या आणि दहा वर्षांनंतर नक्षी शिल्लक असली तरी बदला.

चांगली बाजू अशी की देशी पर्याय वाढलेत. सिएट, एमआरएफ, टीव्हीएस युरोग्रिप, अपोलोची ट्रॅम्पलर मालिका, रीसे. मध्यम एडीव्हींना यात बरंच काही बसतं. हजार सीसीवाल्यांना अजून जास्त करून परदेशी नावांकडेच जावं लागतं.

ट्यूब की ट्यूबलेस

ट्यूबलेस असेल तर पंक्चर म्हणजे स्ट्रिप मारली, हवा भरली, निघालो. स्पोक रिमला ट्यूब असेल तर चाक काढा, टायर उतरवा. आणि मोखाड्याच्या रस्त्यावर पंक्चरवाला मिळाला तरी त्याच्याकडे २१ इंची ट्यूब असेलच असं नाही. म्हणून ट्यूबवाल्यांनी पुढची आणि मागची, दोन्ही ट्यूब बरोबर ठेवायच्या. टायर उतरवायच्या पट्ट्याही. घरी एकदा स्वतः करून बघा, सोसायटीच्या पार्किंगमध्ये. चार जण बघतील, बघू द्या.

हवेचा गेज स्वतःचा घ्या. पंपावरच्या मीटरवर भरवसा नको. हवा टायर थंड असताना मोजायची. डबल सीटचा आकडा वेगळा असतो, तो गाडीवरच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये आहे. चालून गरम झाल्यावर आकडा वाढलेला दिसला म्हणून हवा सोडू नका. कच्च्यावर मुद्दाम हवा कमी केली असेल, तर डांबर लागताच परत भरा. म्हणून छोटा पंप बरोबर हवा.

कोणी काय घ्यावं

मिशेलिनची उदाहरणं देतो, फरक समजायला सोपी आहेत म्हणून. अनाकी ॲडव्हेंचर कंपनी ८०/२० म्हणते, अनाकी वाइल्ड ५०/५०. कॉन्टिनेंटलमध्ये टीकेसी ७० रस्त्याकडे झुकलेला, टीकेसी ८० बटणवाला. दोन फोटो शेजारी ठेवा, आतापर्यंतचं सगळं बोलणं डोळ्यांनी दिसेल.

हायवे, घाट, गोवा-महाबळेश्वर, पावसात ऑफिस: ९०/१० किंवा ८०/२०. आपल्यातल्या बहुतेकांचं उत्तर हेच. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर कामासाठी नेहमी जाणारे, किंवा वर्षातून महिनाभर स्पिती करणारे: ७०/३०, फार तर ५०/५०. पुढे एक जातीचा, मागे दुसऱ्याच जातीचा अशी खिचडी शक्यतो टाळा. रेडियल आणि बायस तर कंपनीने सांगितल्याशिवाय एकत्र नकोच.

नवीन टायर बसवताना बाणाची दिशा बघा, बॅलन्सिंग करून घ्या. आणि पहिले शे-दीडशे किमी जपून चालवा. नवं रबर वरून गुळगुळीत असतं. दुकानातून निघाल्या-निघाल्या झुकवू नका.

एक शेवटचा मुद्दा, आणि मला वाटतं सगळ्यात महत्त्वाचा. तुमच्या मागे बायको बसते, बहीण बसते, कधी आईला डॉक्टरकडे सोडायचं असतं. त्यांनी हा टायर निवडलेला नाही. त्यांना ५०/५० म्हणजे काय ते माहीतही नाही. ते फक्त "हळू चालव रे" एवढंच म्हणतात. आपण क्रॅश गार्ड, फॉग लाइट, टॉप बॉक्स सगळं लावतो आणि टायरला पैसे कमी पडतात म्हणून अजून एक पावसाळा ढकलतो. क्रम उलटा करा. टायर आधी, मग ब्रेक पॅड, मग बाकीची सजावट. मोठ्या गाडीच्या जोडीला एका बऱ्या फोनएवढे पैसे जातात, कबूल. पण फोन आपण दोन-तीन वर्षांनी बदलतोच की.

तर आज घरी गेल्यावर दोनच गोष्टी करा. डीओटीचे चार आकडे वाचा आणि टीडब्ल्यूआयचा उंचवटा बघा. दोन्ही फोटो काढून पाठवा, गाडीचं नाव आणि वर्षाचे किलोमीटर लिहा. पुढच्या भागात त्यातले पाच-सहा घेऊन तुमच्यासमोरच हिशोब करू. तोपर्यंत हवा तपासत राहा, डबल सीटला जपा. भेटूया!