अंतर किलोमीटरांत, प्रवास तासांत

(शिक्षक व पंचायत सदस्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



दोन विमानतळांमधील अंतर किती आणि विमानास वेळ किती लागतो, हा प्रश्न भूगोलाच्या तासाला सोपा वाटतो. शिरूर व दौंड तालुक्यांतील प्रवाशाच्या दृष्टीने मात्र त्याचे उत्तर गावाच्या वेशीपासून सुरू होते.

आकाशातील अंतर पृथ्वीच्या गोलावरील सर्वांत जवळच्या मार्गाने मोजतात. वैमानिकाचे माप सागरी मैल हे होय. तो १.८५२ किलोमीटरांचा, म्हणजे अक्षांशाच्या सुमारे एका मिनिटाएवढा असतो. शिरूर सुमारे १८ अंश ५० मिनिटे उत्तर अक्षांशावर, तर दौंड १८ अंश २८ मिनिटांवर आहे. हा फरक २२ सागरी मैलांचा, म्हणजे सुमारे ४१ किलोमीटरांचा झाला. पूर्व-पश्चिम अंतर सुमारे २२ किलोमीटर आहे. काटकोन त्रिकोणाचा नियम लावला की सरळ अंतर ४६-४७ किलोमीटर येते. शाळेतील मुलांना हे गणित सहज करता येईल.

परंतु दोन्ही तालुक्यांच्या मध्ये भीमा वाहते. जेथे पूल, तेथेच वाट. पावसाळ्यात वरच्या धरणांतून पाणी सुटले की सखल बंधाऱ्यांवरून जाणे-येणे बंद होते आणि नकाशावर शेजारी असलेली गावे दूर जातात.

विमानाचेही असेच आहे. पुण्याच्या लोहगाव विमानतळापासून दिल्ली सरळ रेषेत सुमारे १,१५० किलोमीटर आहे. ताशी आठशे किलोमीटरांच्या वेगाने हे अंतर दीड तासात तोडता यावे. वेळापत्रकात मात्र दोन तासांहून अधिक वेळ दिलेला असतो. धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे, खाली उतरणे, आपल्या पाळीची वाट पाहणे, या साऱ्यांचा तो हिशेब आहे. दौंडहून लोहगाव सरळ रेषेत सुमारे ७० किलोमीटर आहे. विमानाच्या वेगाने ही वाट पाच-सहा मिनिटांची. जमिनीवरून जाणाऱ्यास मात्र तासांचाच हिशेब करावा लागतो.

पुण्याहून शिरूर सडकेने सुमारे ६७ किलोमीटर, तर दौंड लोहमार्गाने सुमारे ७६ किलोमीटर. दौंडला १८५८ मध्ये पुण्याकडून लोहमार्ग आला आणि १८७८ मध्ये मनमाडचा फाटा जोडला गेला. शिरूरला रेल्वे नाही. त्याची सारी भिस्त पुणे-अहिल्यानगर मार्गावर. वाघोली व शिक्रापूर येथे वाहनांची दाटी झाली की अंतराने जवळचे शिरूर वेळेने दौंडपेक्षा दूर पडते.

म्हणून विकासाची आखणी करताना किलोमीटरांबरोबर वेळही मोजला पाहिजे. प्रत्येक ग्रामपंचायतीने ग्रामीण रुग्णालय, रेल्वे स्थानक, बाजार समिती व महाविद्यालय येथपर्यंत लागणाऱ्या वेळेची नोंद ठेवावी. ती दिवसाची व रात्रीची, उन्हाळ्याची व पावसाळ्याची वेगळी असावी. शाळांनी या कामी साहाय्य करावे आणि ही नोंद ग्रामसभेपुढे यावी. सर्पदंश झालेल्या शेतकऱ्याच्या किंवा अडलेल्या बाळंतिणीच्या दृष्टीने रुग्णालय किती किलोमीटरांवर आहे याहून ते किती मिनिटांवर आहे, हे महत्त्वाचे असते. रस्ता व पूल यांची मागणी करताना याच मिनिटांचा आधार घेतला, तर ती मागणी अधिक सबळ ठरेल.